हप्ता स्टेटसवर दिसत नाही

वाचकांचे प्रश्न : मन आणि आपण

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच दुखण्याविषयी होती. मोबाइलमध्ये दुसऱ्यांचे आयुष्य दिसते आणि त्याच्याशेजारी ठेवले की स्वतःचे आयुष्य खुजे वाटते, असे ते दुखणे. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून गावे आणि काही तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका गावची असून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय २०. बारावीला आम्ही चौघी मैत्रिणी एकाच बाकाच्या मागेपुढे बसत होतो. बाकी तिघी अभियांत्रिकीसाठी पुण्याला गेल्या. मला सीईटीत हवे तेवढे पर्सेंटाइल मिळाले नाही, आणि घरची कपाशी कोरडवाहू असल्याने पैसे भरून प्रवेश घेण्याचा प्रश्नच नव्हता. आता रोज रात्री एक-दीड वाजेपर्यंत मी त्यांच्या स्टोऱ्या पाहत बसते. पाहिल्या नाहीत तर चैन पडत नाही आणि पाहिल्यावर रडू येते. मी स्वतः फोटो टाकला आणि अर्ध्या तासात पुरेसे लाइक आले नाहीत, तर तो काढून टाकते. आई विचारते, "तुले काय कमी शे?" मला उत्तर देता येत नाही. मी मत्सरी झाले आहे का?

उत्तर : मत्सरी माणूस असा प्रश्न स्वतःला सहसा विचारत नाही, म्हणून तो शब्द आधी बाजूला ठेवू. तुझ्या पत्रातील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. तुला त्रास होतो तो सिनेतारकांच्या फोटोंनी किंवा परदेशात फिरणाऱ्या अनोळखी मुलींच्या व्हिडिओंनी होत नाही, तर एका बाकाच्या मागेपुढे बसलेल्या तीन मैत्रिणींमुळे होतो. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला, तेव्हा नेमके हेच सांगितले होते. आपण कितपत बरे आहोत हे मोजण्याची पट्टी जिथे उपलब्ध नसते, तिथे माणूस दुसऱ्याकडे पाहून स्वतःला मोजतो, आणि मोजण्यासाठी तो आपल्यासारख्याच माणसाला निवडतो. 'विसाव्या वर्षी आयुष्य योग्य चालले आहे का' या प्रश्नाला कोणतीही पट्टी नाही. म्हणून तुझे मन त्या तिघींकडे जाते. यात विकृत असे काही नाही.

मग आजवर सगळे तुलना करतच आले असतील, तर आत्ताच ती एवढी का बोचते? याचे माझे उत्तर असे, की पूर्वीच्या तुलनेत माहिती पूर्ण होती. आपल्याकडे गावात कुणाच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा राहिला, की आठवड्याच्या आत पारावर सगळे कळत असे. कर्ज कोणत्या बँकेचे आहे, सहामाही हप्ता किती बसला, सुरुवातीचा भरणा सासऱ्याने केला की कापसाच्या पैशांतून झाला, आणि यंदा पाऊस लांबला तर हप्ता थकणार आहे की नाही, हे सारे त्या ट्रॅक्टरसोबतच दिसत होते. हेवा तेव्हाही वाटत होता, भाऊबंदकीत तर तो पिढ्यान्‌पिढ्या पुरत होता. पण हेवा करणाऱ्याला हप्ताही ठाऊक होता. (गावाची ती नजर फार मायाळू होती असा माझा दावा नाही. 'लोके काय म्हनतीन' या एका वाक्याने आपल्या खानदेशातील किती मुलींची शिक्षणे अडवली, हे मी जवळून पाहिले आहे आणि ते दिवस परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही.) मोबाइलमध्ये ट्रॅक्टर तेवढा येतो. हप्ता स्टेटसवर दिसत नाही.

तुझ्या मैत्रिणी खोटे दाखवतात असेही नाही. गड चढल्याचा फोटो खरा आहे, वाढदिवसाचा केक खरा आहे. पण गणिताच्या पेपरात विषय राहिला, मेसचे जेवण नकोसे झाले, खोलीतल्या मुलीशी बोलणे बंद आहे, फीच्या दुसऱ्या हप्त्यासाठी वडिलांनी दागिने गहाण ठेवले, यांची स्टोरी कुणी टाकत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात अलेक्झांडर जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या बरोबरीच्या मुलामुलींना किती वाईट अनुभव येत असतील, याचा अंदाज करायला त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले. विद्यार्थ्यांनी केलेले अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाले, कारण दुःखाचे प्रसंग माणसे एकांतात भोगतात आणि चारचौघांत झाकतात. दुसऱ्यांचे दुःख कमी लेखण्याची सवय ज्यांना अधिक होती, त्यांना एकटेपणाही अधिक जाणवत होता.

याखेरीज एक निव्वळ गणिती गंमत आहे. तू विज्ञानाची विद्यार्थिनी आहेस, म्हणून सांगतो. पाच मुलींचा एक गट धर. त्यांतील एकीची उरलेल्या चौघींशी मैत्री आहे, पण त्या चौघींची आपसात ओळख नाही. आता चौघींपैकी प्रत्येक जण आपल्या मैत्रिणीकडे पाहते आणि तिला दिसते, की हिला चार मैत्रिणी आहेत आणि मला एकच. पाचांपैकी चार जणी स्वतःला कमी समजतात, आणि यात कुणाचाही काही दोष नाही. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये हे दाखवून दिले, की बहुतेक माणसांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा सरासरीने अधिक मित्र असतात, कारण ज्यांना फार मित्र असतात ते फार जणांच्या यादीत येतात. मोबाइलच्या पडद्यावर हेच आणखी वाढते. जी दिवसातून सहा वेळा काहीतरी टाकते ती तुला सहा वेळा दिसते, आणि जी वसतिगृहाच्या खोलीत दार लावून पडली आहे ती एकदाही दिसत नाही. त्यामुळे 'सगळ्या मजेत आहेत' हे तुझे निरीक्षण, न दिसणाऱ्यांना वगळून काढलेली सरासरी आहे.

आता करायचे काय? सर्वांत आधी रात्रीचा प्रश्न सोडव, कारण अर्धवट झोपेतले मन कोणत्याही गोष्टीचा काळा अर्थच काढते आणि रात्री दीड वाजता केलेल्या तुलनेत कुणीच जिंकत नाही. तुझ्या वयाला सात तासांहून कमी झोप पुरत नाही. मोबाइल उशाशी न ठेवता रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि पहाटे उठायला साधे गजराचे घड्याळ घे. त्या तिघींच्या स्टोऱ्या 'म्यूट' करता येतात. त्यांना ते कळत नाही आणि मैत्रीही तुटत नाही. लाइकचा आकडा लपवण्याची सोय इन्स्टाग्रामने २०२१ पासून दिली आहे, ती वापर. टाकलेला फोटो काढायचा नाही, एवढा एक नियम मात्र कडक पाळ, कारण प्रत्येक वेळी फोटो काढताना तू स्वतःलाच नापासाचा शेरा देत आहेस.

हे उपाय फोल नाहीत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील १४३ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट हे प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटेच वापरले. त्यांचा एकटेपणा आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली, आणि सुरुवातीला ज्यांची लक्षणे अधिक होती त्यांना फरकही अधिक पडला. एका विद्यापीठातील प्रयोगावरून सारे जग ठरवता येत नाही, परंतु तीन आठवडे करून पाहायला पैसे पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट कर, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिघींपैकी जिच्याशी तुझे सर्वांत जमत होते, तिला फोन कर. संदेश नको, फोनच कर, आणि "कशी आहेस" विचारून झाल्यावर थोडी थांब. दिवाळीला किंवा आखाजीला (अक्षय तृतीयेला) ती गावी येईल तेव्हा भेट. झोक्यावर बसून तास-दोन तास बोललीस, तर फोटोंच्या मागचे हप्ते ती आपणहून सांगेल, आणि तूही तुझे सांगशील. एवढे करूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास राहिले, भूक गेली, अभ्यासात आणि आवडीच्या गोष्टींत रस उरला नाही, तर तो तुलनेचा प्रश्न राहिलेला नाही असे समजून मनोविकारतज्ज्ञांना भेट. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते.

प्रश्न : मी रावेर तालुक्यात केळीची शेती करतो. मुलगा १७ वर्षांचा असून जळगावला खोली घेऊन नीटच्या क्लासला आहे. क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर रविवारी परीक्षेची यादी नावांसह येते. तो पहिल्या शंभरात नसतो. माझ्या साडूचा मुलगा त्याच क्लासला असून पहिल्या दहात असतो. मागच्या महिन्यात मी अचानक खोलीवर गेलो, तर हा रात्री बारा वाजता रील पाहत होता. मी मोबाइल काढून घेतला आणि घरी आणून कपाटात ठेवला. साडूच्या मुलाकडे तर साधा फोन आहे. आता मुलगा आमच्याशी बोलत नाही, घरी आला तर नीट जेवत नाही. साडू म्हणतात, मोबाइल देऊच नका. आम्ही चुकलो का?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रात मोबाइलचा किंवा फोनचा उल्लेख तीन वेळा आहे आणि साडूंच्या घराचाही तीन वेळा. रागावू नका, पण मुलाच्या छातीवर जो दगड आहे तो इन्स्टाग्रामने एकट्याने ठेवलेला नाही. रविवारची यादी, ती यादी उघडून तुम्ही आधी कुणाचे नाव शोधता ते, आणि आखाजीच्या जेवणावळीत निघणारा विषय, हेही त्यात आले. मुलांच्या टक्केवारीचे स्टेटस ठेवण्याची सवय आपल्या पिढीने लावली, आणि मुलांनी तुलना करू नये असे आपणच त्यांना सांगतो.

शास्त्र काय म्हणते, हे प्रामाणिकपणे सांगायचे तर जाणकारांचे यावर एकमत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याविषयी देशाला सल्ला देणारे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी दिलेल्या सूचनापत्रात असे म्हटले होते, की दिवसाला तीन तासांहून अधिक काळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या किशोरांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांची जोखीम दुप्पट आढळते. याउलट ऑक्सफर्डमधील एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासून २०१९ मध्ये असा निष्कर्ष काढला, की मुलांच्या मनःस्वास्थ्यातील फरकांपैकी फार तर ०.४ टक्का डिजिटल साधनांच्या वापराने समजावून सांगता येतो. दोन्ही बाजूंना मान्य असलेला मुद्दा हा, की उदास मूल मोबाइलमध्ये अधिक शिरते आणि मोबाइलमध्ये अधिक शिरलेले मूल अधिक उदास होऊ शकते. आधी काय झाले, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली, पण तिथेही जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, मुलांना किंवा पालकांना शिक्षा नाही. तुमचा मुलगा तर १७ वर्षांचा आहे.

तुम्ही चुकलात ते मोबाइल काढून घेण्यात नव्हे, तर न बोलता काढून घेण्यात. जळगावच्या त्या खोलीत तो एकटा आहे. दिवसभर कुणाशी दोन शब्द मनातले बोलणे होत असेल तर ते त्या फोनवरच, आणि तेही आता बंद झाले. वाढीला लागलेल्या केळीचे पाणी तुम्ही एका दिवसात तोडाल का? ठिबकचे तास कमीजास्त करता, तसे हे करायचे असते. पुढच्या वेळी तो आला की त्याला घेऊन मळ्यात चक्कर मारा. बापलेक समोरासमोर बसले की बोलणे खुंटते, शेजारी चालताना ते सोपे जाते. त्याला म्हणा, "मी न विचारता मोबाइल नेला, हे माझे चुकले. तू रात्री बारापर्यंत जागतोस याची मला काळजी वाटते. आता कसे करायचे ते तूच सांग." मग तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका आणि मध्ये साडूंच्या मुलाचे नाव आणू नका. मोबाइल परत द्या. रात्री दहानंतर तो खोलीमालकांकडे किंवा निदान पलंगापासून दूर ठेवायचा, अशी अट तुम्ही दोघे मिळून ठरवा, आणि ती अट तुमच्या घरी तुम्हालाही लागू करा. क्लासच्या चालकांना भेटून मुलाचे गुण नावांच्या यादीऐवजी वैयक्तिक संदेशाने कळवावेत, अशी विनंती करा. तुमच्यासारखे आणखी चार पालक सोबत नेलेत, तर ती ऐकली जाण्याची शक्यता वाढेल.

जेवण आणि बोलणे यांत पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर त्याला डॉक्टरांना दाखवा. तेव्हा "अभ्यासात लक्ष लागत नाही" एवढेच सांगू नका. जेवत नाही, बोलत नाही, झोपत नाही, हे तिन्ही सांगा.

प्रश्न : मी शहाद्याचा असून वय २३ आहे. अहिराणी विनोदी व्हिडिओ करतो. आधी टिकटॉकवर होतो, २०२० मध्ये ते बंद झाल्यावर रील करू लागलो. दोन वर्षांपूर्वी माझी एक रील लाखो लोकांनी पाहिली, सुरतेतून आणि नाशिकहून फोन आले. त्यानंतर मी चाललोच नाही. दर दहा मिनिटांनी व्ह्यूज पाहतो. कामात लक्ष नाही. माझ्यानंतर आलेली पोरे पुढे गेली. हे सोडून द्यावे का?

उत्तर : तू लिहितोस, 'मी चाललो नाही'. चालली नाही ती रील. बोलताना हा फरक आपल्या लक्षात येत नाही, पण मनाला तो कळतो, म्हणून आजपासून स्वतःशी बोलतानाही 'ती रील चालली नाही' असेच म्हण.

दहा-दहा मिनिटांनी पाहण्याच्या सवयीचे मूळ जुने आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की प्रत्येक टोचीला दाणा मिळाला तर पक्षी पोट भरल्यावर थांबतो, पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल तर तो टोचतच राहतो. तुझ्या एका रीलला लाखो मिळाले आणि पुढच्या दहांना काहीच नाही, म्हणून तुझा अंगठा थांबत नाही. त्यात पडद्याला तळच नाही. न संपणारे ते स्क्रोल २००६ मध्ये रचणाऱ्या अझा रास्किन यांनी पुढे स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे.

तुझी खरी तुलना नव्या पोरांशी नाही, दोन वर्षांपूर्वीच्या स्वतःशी आहे, आणि ती अधिक अवघड आहे. आपल्या भागात वहीगायनाचे (लोकगायनाचे) फड रंगतात, तेव्हा गाणाऱ्याला समोरचा माणूस मान डोलावताना दिसतो. एखादी रात्र फिकी गेली, तर पाऊस होता म्हणून गेली, हेही त्याला कळते. तुला फक्त आकडा दिसतो, आणि तो का घसरला याचे कारण तुझ्या कलेत असेलच असे नाही. दाखवायचे काय हे कंपनीचे यंत्र ठरवते आणि ते सतत बदलत असते. म्हणून सोडू नकोस, पण आकडे दिवसातून एकदाच, संध्याकाळी ठरलेल्या वेळी पाहा. महिन्यातून एकदा तरी जिवंत माणसांसमोर, गणेशोत्सवात किंवा कानबाईच्या उत्सवाच्या रात्री, तेच विनोद करून दाखव. आणि पोटापाण्याचे काम रीलवर टांगू नकोस.

प्रश्न : मी धुळ्याला वसतिगृहात राहतो, वय १९. माझा मित्र काही दिवसांपासून रात्री उशिरा "आता सगळे संपले", "माझ्यासारख्याची कुणाला गरज नाही" असे स्टेटस ठेवतो आणि सकाळी काढून टाकतो. बाकीचे म्हणतात, लाइकसाठी नाटक करतो. मी विचारावे का? विचारल्याने त्याच्या डोक्यात भलते येईल अशी भीती वाटते.

उत्तर : विचार, आणि आजच विचार. असा प्रश्न विचारल्याने आत्महत्येची कल्पना डोक्यात शिरते, हा समज चुकीचा आहे. उलट, कुणीतरी स्पष्ट विचारले याने बहुतेकांना हायसे वाटते. स्टेटसला उत्तर लिहू नकोस, त्याच्या खोलीवर जा. "तू लिहिलेले वाचले, मला काळजी वाटली. जीव द्यावा असे मनात येते का?" असे सरळ शब्दांत विचार आणि तो जे सांगेल ते न समजावता, न रागावता ऐक. तो 'हो' म्हणाला, तर त्याला त्या रात्री एकटे सोडू नकोस. 'कुणाला सांगू नको' अशी शपथ घालू लागला, तरी ती घेऊ नकोस. वसतिगृहाच्या अधीक्षकांना आणि त्याच्या घरच्यांपैकी तो ज्यांचे ऐकतो अशा एकाला कळव. त्याने स्वतःला इजा केली असेल किंवा तो लगेच करील असे वाटले, तर ११२ वर फोन कर किंवा त्याला थेट रुग्णालयात ने. पोलिसांची भीती दाखवून कुणी अडवले, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले जाते, हे सांग.

नाटक आहे की नाही, हे ठरवण्याचे काम तुझे नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. मित्राकडे जाण्याआधी काय बोलावे हे सुचत नसेल, तर तू स्वतःही त्या क्रमांकावर फोन करून विचारू शकतोस. फोन करणारा स्वतः आजारी असावा लागत नाही.